फोटो हलला नव्हता

—पोत काढावीच लागेल मावशी. मागच्या वेळीही काढली होती ना तुम्ही, आठवते का? सोन्याची असली तरी वाट्या ज्या तारेत ओवल्या त्या तारेत काय मिसळलं आहे ते सोनारालाच माहीत, आणि हे मशीन म्हणजे शेवटी मोठं लोहचुंबक, ते काही विचारत बसत नाही की सौभाग्याचं आहे का कशाचं — ओढलं की ओढलं. हे घ्या, ही आमची पोत. काळे मणी, सुती दोरा, धातू नावालाही नाही. सुरुवाती-सुरुवातीला तीन बाया याच बाकावरून उठून गेल्या, मोकळ्या गळ्याने आत जात नाही म्हणाल्या, म्हणून मग मी आणि सोनिकाने गांधीबागेच्या बाजारातून मणी आणून अशा वीस ओवून ठेवल्या. केसांतले आकडेही काढा, आणि जोडवीही द्या. चांदीला चुंबक ओढत नाही, माहीत आहे मला, पण नियम आहे. या डबीत ठेवते, डबीवर तुमचं नाव आहे बघा — यमुना नत्थूजी, पुढचं आडनाव मावलं नाही. गाठ तुम्हीच मारा मागे. मला नाही जमणार आत्ता, बोटं गारठली. एसीने. इथला एसी कमी करता येत नाही, मशीनला गारवा लागतो, माणसाचं काय, माणूस शाल घेतो.

माय — काही नाही, काही नाही, दार होतं. वाऱ्याने आपटलं. तुम्ही कशाला उठल्या, बसा. मी अशीच आहे, कुकरची शिटी झाली तरी मी ताट सोडून उभी राहते. शाळेत बाईंच्या हातून डस्टर पडलं की पोरी बाईंकडे नाही, माझ्याकडे पाहायच्या. एम.एस्सी.ला फिजिक्स घेतलं तेव्हा बाबा आईला म्हणाले, बरं झालं वं, केमिस्ट्रीत भडके उडतात. हसा, हसा, मलाही हसू येतं. पण गंमत ऐका — या मशीनमध्ये मी दचकत नाही. आत किती कडाकडा वाजतं, कानात बोळे घातले तरी — टिनावर कोणी हातोडा मारून राहिलं असं तुम्हीच म्हणाल्या होत्या मागच्या वेळी — त्या आवाजात मी शांत पडून असते, पापणी हलत नाही माझी. कारण तो आवाज कधी येणार ते मला आधीच ठाऊक असतं. किती वेळ वाजेल, किती वेळ थांबेल, परत कधी सुरू होईल — त्यातल्या अर्ध्या वेळा मीच कंप्युटरवर बसवलेल्या आहेत. बाहेरच्या जगात असं कुठे असतं सांगा, की आता दचकायचं आहे हे आधी कळवून मग आवाज होतो? म्हणून तर अडीच वर्षं माझंच डोकं वापरलं सगळ्यांनी. काही नवीन बसवलं की आधी मेघाला झोपवा आत, मेघाचा फोटो चांगला आला की मग दुसऱ्यांचा. एक्केचाळीस वेळा गेले मी आत. सोनिका म्हणायची, किराणा दुकानात किलोचं लोखंडी वजन असतं ना, तसं तुझं डोकं आहे, यावरून बाकीची डोकी तोलायची. मला बरं वाटायचं ते ऐकून. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

तुम्हाला कोणी नीट सांगितलंच नसेल आम्ही इथे काय करतो ते. सोपं आहे. तुमच्या संत्र्याच्या बागेत पाटाचं पाणी सोडता ना, समजा तुम्हाला पाहायचं आहे की कोणत्या झाडापर्यंत पाणी किती वेळात पोचतं — तर तुम्ही पाण्यात हळद टाकाल, आणि पिवळं पाणी कुठे कुठे निघतं ते पाहाल. दवाखान्यात तसंच करतात, सुईने औषध टाकतात रक्तात आणि मग फोटो काढतात. आम्ही सुई टोचत नाही. मानेतून रक्त वर चढतं, तिथेच चुंबकाने त्या रक्ताला खूण करतो — रंग नाही, काही नाही, फक्त खूण, ती दोन-चार सेकंदांत आपोआप पुसली जाते — आणि दोन सेकंदांच्या थोडं आतच डोक्याचा फोटो घेतो. मग एक फोटो बिनखुणेचा. एकातून दुसरा वजा करायचा. जे उरतं ते एवढ्यात वर पोचलेलं ताजं रक्त. पण उरतं किती, तर शंभरात एक. म्हणून डोकं हलवू नका, हलवू नका असं सारखं म्हणतो आम्ही, केसभर हललं तरी तो एक भाग हातचा जातो. आणि मागच्या वेळी तुमचा फोटो हलला होता म्हणून — म्हणून आज तुम्हाला परत बोलावलं. तुमच्या मुलाने, ऋषिकेशदादांनी, तसंच सांगितलं ना तुम्हाला? हो. तसंच सांगायचं ठरलं — तसंच सांगितलं होतं आम्ही त्यांना. पाणी घेता का? नाही? मी घेते. एकीचा नाही हलत आणि एकीचा हलतो, चालायचंच.

ती तिकडे काचेमागे बसली आहे ना, चष्म्याची, निळ्या कुर्त्यातली, ती सोनिका. हात करून राहिली तुम्हाला. करा तुम्ही, तुमचं काही भांडण नाही तिच्याशी. मी नाही करणार. गुरुवारपासून आम्ही बोलत नाही, म्हणजे मी बोलत नाही, ती बोलून राहिली, भिंतीशी बोलल्यासारखी. अहो, आठ वर्षांची मैत्रीण आहे माझी. बी.एस्सी.पासून एका बाकावर. हॉस्टेलचं जेवण तिला चालायचं नाही म्हणून दर शनिवारी नंदनवनला आमच्या घरी जेवायची, माझ्या आईला सिंधूआई म्हणते, आईच्या हातची तिखट वांगी खाऊन नाक पुसत बसते — आमच्या घरातला पाट्यावरचा ठेचा माझ्यापेक्षा तिच्या वाट्याला जास्त गेला असेल. मी मशीनमध्ये झोपायची आणि ती काचेमागे बसायची. दर वेळी आत जाताना ती माझ्या पायाचा अंगठा दाबायची, जा राणी, म्हणायची. असं माणूस. आणि असं माणूस — जाऊ द्या, तुम्हाला काय त्याचं, तुम्ही शाल घ्या, मशीन अकराला मिळतं, अजून वेळ आहे.

काय झालं विचारता? तुम्ही विचारलं नाही, पण पाहून राहिल्या ना माझ्याकडे, ते विचारल्यासारखंच झालं. गुरुवारी मला माझा जुना एक फोटो पाहिजे होता. खूण कुठे करायची हे ठरवायला आधी मानेतल्या आणि डोक्यातल्या रक्तवाहिन्यांचा एक नकाशा काढावा लागतो, सगळ्यांचाच काढतो, तुमचाही काढला होता. मला माझा दाखवायला हवा होता एका ठिकाणी. तर कंप्युटरवरच्या माझ्या कप्प्यात मागच्या जूनमधला नकाशाच नव्हता. एक्केचाळीस वेळच्या सगळ्या गोष्टी आहेत आणि तेवढाच नाही. मला वाटलं चुकून पुसला, आता आमचे प्रोजेक्टचे सर ओरडतील, आणि शोधत शोधत गेले तर तो सोनिकाच्या कप्प्यात. खाली डिसेंबरमधलाही एक. आणि सोबत तिने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी, कंप्युटरवरच — डावीकडे मोठ्या वाहिनीला फुगवटा, तीन मिलिमीटर, सहा महिन्यांनी परत पाहिला, वाढ नाही, मेघाला कळू देऊ नये.

ज्वारीचा दाणा घ्या. त्याहून थोडा लहान. एवढा फुगवटा आहे माझ्या डोक्यात, रक्तवाहिनीच्या फाट्यावर, सायकलच्या ट्यूबला येतो ना तसा. पुष्कळांना असतो म्हणे, मरेपर्यंत कळतही नाही. आणि कधी कधी, एखाद्याचा, फुटतो. तसं डॉक्टरांनीही सांगितलं, कारण शुक्रवारी मी स्वतः जाऊन विचारलं, माझी मी — लहान आहे, थांबू, बीपी वाढू द्यायचं नाही, दर वर्षी पाहायचं. म्हणजे फार भ्यायचं कारण नाही. हे सगळं त्या डॉक्टरांनी सोनिकाला जूनमध्येच सांगितलं होतं. तिने नीट केलं सगळं, तिच्याकडे बोट दाखवता येणार नाही असं केलं, डॉक्टरला दाखवलं, सहा महिन्यांनी परत पाहिलं. डिसेंबरमध्ये मला म्हणाली, नवीन पिंजरा आला आहे डोक्यावर लावायचा, तो कसा चालतो पाहू, जा ना राणी आत. नवीन पिंजरा. मी गेले. अंगठा दाबला तिने. मी तिथे पडून, मनात सेकंद मोजत, की आता वाजेल, आता थांबेल, आणि ती काचेमागे बसून पाहून राहिली की माझ्या डोक्यातला तो दाणा वाढला की नाही.

मी तिला काही बोलले नाही हो सुरुवातीला. फक्त ती चिठ्ठी उघडून ठेवली पडद्यावर आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. ती म्हणते, तू घाबरशील म्हणून. बस, एवढंच. तू आपली दार वाजलं तरी उडतेस, तुला हे सांगितलं असतं तर तुझं बीपी कुठे गेलं असतं, आणि नेमकं तेच वाढू द्यायचं नव्हतं. पाहा किती बरोबर आहे. मग ती म्हणाली, आणि मी एकटीने नाही ठरवलं मेघा, मी आईंना विचारलं होतं. मी म्हटलं, कोणत्या आईंना?

माझ्याच. माझ्या आईला जूनपासून माहीत आहे. आता फेब्रुवारी. बाबांनाही. आणि मला मग एकेक गोष्ट — तुम्हाला सांगू का, मागचे आठ महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले महिने होते. आमच्या दाराची बेल बिघडली. बाबा म्हणाले, आणू दुसरी, आणि आणलीच नाही, येणारा हाक मारायचा, मला हाकेचं काही वाटत नाही. कुकर गेला माळ्यावर, आई पातेल्यात वरण शिजवायला लागली, म्हणे पातेल्यातलं चवीला चांगलं. पण चव कशाची, मीठ नव्हतं त्यात. मी म्हणायची, आई, मीठ विसरली वं तू, तर म्हणे, वय झालं आता माझं. वय. माझी आई, पोळ्याच्या करीला शंभर लोकांचं जेवण चाखून न पाहता करते ती. विहारातला भोंगा आमच्या खिडकीकडे तोंड करून होता, तो एक दिवस पलीकडे वळला, मला वाटलं माकडांनी वळवला. दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी आमच्या दारासमोर एक फटाका लावला नाही — मी पेढे वाटले त्यांना. बाबांनी बीपीचं मशीन आणलं, म्हणे माझ्यासाठी, आणि दर रविवारी म्हणायचे, मशीन बरोबर आहे का पाहू, दे बरं तुझा हात. आणि मी हात द्यायची. रात्री मला झोप लागायची मावशी. सकाळी उठल्यावर छातीत धडधड नसायची. मी डायरीत लिहिलं होतं, तुम्हाला खोटं वाटेल, मी लिहिलं होतं की माझा स्वभाव सुधारून राहिला. मला वाटलं मी मोठी झाले. वाटलं, सव्वीस वर्षांनी का होईना, मला जगता यायला लागलं.

आणि ते काहीच नव्हतं. मी होते तशीच होते, फक्त सगळ्यांनी मिळून माझ्याभोवतीचं जग गोधडीत गुंडाळून ठेवलं होतं. गुरुवारी संध्याकाळी घरी गेले, आईसमोर उभी राहिले, म्हटलं, मीठ काढ. ती समजली. तिच्या हातातला चमचा खाली पडला — आणि मी दचकले, तेव्हाही दचकले. ती म्हणाली, "काहून सांगायचं होतं वं तुले? सांगतलं असतं त तू जगली असती का हे आठ महिने? अशी हसली असती का? मी पाहत होती तुले झोपलेली. पयल्यांदा तू तोंड उघडं टाकून झोपत होती, लहान लेकरावानी. मी नाही मोडली तुही झोप. मोडणार बी नव्हती." असं म्हणाली. आणि रडली नाही. मला वाटलं रडेल, मग मला चिडता येईल. मी काय म्हणू तिला? खरंच आहे ते. मी खरंच झोपले. पण ती झोप माझी होती का? ती तर त्यांनी दिलेली होती, लहान लेकराला अफूची गोळी देतात तशी. माझं डोकं, माझी रक्तवाहिनी, माझं मरण म्हणा ना — ते तिघांचं झालं आणि मी सोडून सगळ्यांनी ते वाटून घेतलं. मी एकटीच बाहेर. मी जेवताना हसत होते तेव्हा ते तिघं एकमेकांकडे पाहत असतील. आता मला ती नजर आठवते. तेव्हा मला वाटायचं, किती कौतुक आहे यांना माझं.

सही करायची राहिली. इथे. चष्मा देऊ का तुमचा? नाही, थांबा, आधी हे पाहा. नाही, मी वाचते. इथे चौदा नंबरला एक प्रश्न आहे — तपासणीत योगायोगाने काही आढळल्यास मला कळवावे, किंवा कळवू नये. दोन चौकोन आहेत. हा दुसरा. यात बरोबरची खूण आहे ना, ती तुम्ही केलेली नाही. मागच्या वेळीही तुम्ही केली नव्हती. ती मी करते. तसं इथे — तशी पद्धत पडली आहे इथे. आमच्या टीममध्ये फोटो वाचणारा डॉक्टर नाही, आणि कळवावे म्हटलं की प्रत्येक फोटो बाहेर डॉक्टरांकडे पाठवावा लागतो, त्यात महिना जातो, आणि मशीन आम्हाला मिळतं रविवारचं फक्त दोन तास. म्हणून शनिवारी दुपारी बसून मी सगळे फॉर्म आधीच भरून ठेवते, चौदा नंबरसकट, आणि रविवारी लोक फक्त खाली सही करतात. कोणी विचारत नाही. तुम्हीही नाही विचारलं, तुम्ही किती सुंदर सही केली होती, बचत गटात शिकलेली. सत्तावन्न फॉर्म आहेत असे, सगळ्यांवर माझी खूण. गुरुवारी सोनिकाने शेवटी माझाही फॉर्म काढून समोर ठेवला, अडीच वर्षांपूर्वीचा. कळवू नये. खूण माझी, सही माझी. म्हणाली, नियमाने पाहिलं तर तूच सांगितलं होतंस. मी तो भरताना वाचलाही नव्हता. गठ्ठ्यातला एक म्हणून भरला होता.

—माय. तीच आहे, स्पीकरवरून बोलून राहिली, तयार आहे का विचारते. विचारू दे तिला. पाच मिनिटं थांब म्हणावं. बसा तुम्ही. बसाच. आडवं नका होऊ अजून.

मावशी, तुमचा फोटो हलला नव्हता.

चांगला आला होता. फार चांगला आला होता, माझ्यानंतर एवढी स्थिर पडलेली बाई मी पाहिली नाही. पण डावी बाजू उशिरा उजळली. उजव्या बाजूचं रक्त वेळेवर पोचलं आणि डावीकडचं मागे राहिलं, तुमच्या बागेत एखादी ओळ कोरडी राहते ना, पाट कुठेतरी बुजला की, तशी. मला आधी वाटलं माझंच चुकलं, वेळ बसवण्यात. मग तुमचा मानेचा नकाशा उघडला. मानेत डावीकडची मोठी रक्तवाहिनी आहे, ती एका ठिकाणी अरुंद झाली आहे. आमची पद्धत बरोबर निघाली होती — अडीच वर्षं जे दिसेल दिसेल म्हणत होतो ते पहिल्यांदा खऱ्या माणसात दिसलं, सुई न टोचता — आणि मी — मी टाळी वाजवली मावशी. या खोलीत. सोनिकाला मिठी मारली. सर म्हणाले, पोरींनो, जमलं. मग कोणीतरी म्हणालं, या बाईंना सांगावं लागेल. तेही सगळ्यांच्या नंतर.

आमच्या सरांनी बाहेरच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले सर्जनकडे न्या, इलाज आहे याचा, मान उघडून ती वाहिनी साफ करतात किंवा आत जाळी बसवतात. इलाज आहे, हे नीट ऐका, मी घाबरवून नाही राहिले तुम्हाला. नाही केला तर एखाद्या दिवशी उजवा हात, उजवा पाय, बोलणं — ते जाऊ शकतं. केला तर नाही जात बहुतेक. फॉर्मवर कळवू नये होतं म्हणून सर म्हणाले, मुलाला कळवा. मी फोन केला ऋषिकेशदादांना. ते नरखेडच्या स्टँडवर होते, मागे गाड्यांचा आवाज येत होता, त्यांनी दोनदा विचारलं, काय म्हणता, काय म्हणता, आणि मग त्यांचा आवाज बारीक झाला. म्हणाले, "मॅडम, आईले काही सांगू नका. ते हाय खाईन. जेवण सोडून देईन. मी नेतो न बराबर, मी करतो सगळं." आणि मी म्हटलं, ठीक आहे. लगेच म्हटलं. मला सुटल्यासारखं झालं, की चला, तुमच्यासमोर बसून सांगावं लागणार नाही. फोटो हलला असं सांगा, हेही मीच सुचवलं त्यांना. दादांवर रागावू नका, ते शब्द माझे आहेत. ते रात्री जेवणानंतर तुम्हाला एक बारीक पांढरी गोळी देतात ना, रक्तवाढीची म्हणून — ती रक्तवाढीची नाही. रक्त पातळ ठेवायची आहे. आणि परवा मंगळवारी डोळे तपासायला नेणार आहेत म्हणाले असतील तुम्हाला. ते डोळ्यांचे डॉक्टर नाहीत.

आणि आजचा फोटो. आजचा फोटो तुमच्यासाठी नाही. तुमच्या डॉक्टरांना जे पाहिजे ते त्यांच्याकडे आहे. आजचा आमच्यासाठी आहे. इलाज झाला की रक्त वेळेवर पोचायला लागेल, मग ते उशिराचं रक्त आम्हाला परत कुठे सापडणार, म्हणून सर म्हणाले त्याआधी एकदा झोपवा, वेळ कमी-जास्त करून पाहू. त्यात तुम्हाला काही अपाय नाही, खरंच नाही, एक्केचाळीस वेळा मी गेले आहे. पण तुम्ही ठरवा. मी दुसरा, कोरा फॉर्म आणला आहे, हा बघा, चौदा नंबरला काही नाही केलं मी. तुम्हाला जायचं असेल आत तर जा, नसेल तर — मला समजून राहिलं नाही मी हे तुम्हाला का सांगितलं. तुमच्यासाठी सांगितलं, की ती काचेमागची पाहून राहिली म्हणून, तिला दाखवायला, की बघ, असं सांगायचं असतं माणसाला तोंडावर. परवापासून मी हेच ठरवत होते, सांगू, नको सांगू. रात्री आईला विचारावंसं वाटलं. आईला.

काहीतरी बोला ना. रागवा. घाबरल्या का? तुम्ही घाबरलेल्या नाही दिसत. दादा म्हणाले होते हाय खाईल, तुम्ही तर नुसत्या — इतक्या शांत काय बसल्या. मी असती तर —

काय म्हणाल्या?

कधीपासून म्हणजे? तो अरुंदपणा? तो कित्येक वर्षांचा असेल, हळूहळू होतो तो —

मला. मला कधीपासून माहीत आहे.

अठ्ठावीस दिवस.

हो, मोजले. नाही, मोजत नव्हते, आत्ता मोजले. त्यातले पंचवीस दिवस तर मला माझंही माहीत नव्हतं, लपवल्यावर असं वाटतं हे मला कळलं असतं तर मी — मी तुमच्याबद्दल विचारसुद्धा नव्हता केला मावशी, ते पंचवीस दिवस मी छान जेवले, छान झोपले. आणि तुम्ही तिकडे बागेत वाकून — डोक्यावर क्रेट उचलल्या का तुम्ही त्या दिवसांत? संत्र्याच्या? नका सांगू. नको.

हात देते, उठा. नको? बरं. चपला त्या बाजूला आहेत. ही डबी. मोजून घ्या, जोडवी दोन, पोत, आकडे. ती दोऱ्याची राहू द्या गळ्यात, लागत नाही आम्हाला. शाल पण राहू द्या.

असं नका पाहू माझ्याकडे. मला आईसारखं नका पाहू, शिव्या द्या त्यापेक्षा. ऋषिकेशदादा बाहेरच बसले आहेत, पाण्याच्या टाकीजवळ. त्यांना विचारा. त्यांनीही लपवलं ना तुमच्यापासून, त्यांना तर माझ्याआधी — नाही. त्यांना माझ्यानंतर कळलं. सरांनाही माझ्यानंतर. सोनिकालाही. तो फोटो पहिल्यांदा मीच उघडला होता. तुमच्या घरातल्या, गावातल्या, सगळ्यांच्या आधी मला माहीत होतं.

दार जड आहे. ढकला, ओढू नका.